विकणे आहे: सहा इंची दुर्बीण

६ ऑक्टोबर

बंधू,

आशीर्वाद. दर पत्रात ते पुन्हा लिहिणार नाही, एकदाच दिलेले पुरवून वापर.

मला दुर्बीण घ्यायची आहे. हसून झालं की पुढे वाच. विमा कंपनीतून निवृत्त होऊन सात महिने झाले आणि घरात तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. मध्यंतरी इमारतीच्या पाण्याच्या टाकीची बिलं तपासली, तर आमच्या सेक्रेटरीने माझ्याशी बोलणंच टाकलं.

तुला गोदामातल्या चोरीचा तो दावा आठवतो का? रखवालदाराने जबाब दिला होता की अकरा वाजता चांदण्यात चोराचा चेहरा स्पष्ट दिसला. मी दिनदर्शिका उघडली. त्या दिवशी चंद्र पहाटे तीनला उगवणार होता. दावा फेटाळला आणि साहेबांनी पाठ थोपटली. परवा संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर टाकीमागून हा एवढा थोरला चंद्र वर आला. मनात आलं, एकतीस वर्षांत आपण चंद्र पाहिला तो बहुतेक कागदावरच. म्हटलं, आता तरी जागेवर जाऊन पाहणी करावी.

इथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात एक दुर्बीण आहे. खोक्यावर रंगीत शनी आणि 'सहाशे पट मोठे दिसेल' अशी ग्वाही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, शेवटचाच पीस आहे." शेवटचा पीस म्हटलं की माझे कान उभे राहतात. तू माझा सख्खा मावसभाऊ, चष्म्याचं दुकान चालवतोस, आणि उभा जन्म आकाशाकडे बघण्यात घालवलास. तेव्हा काय घ्यावं ते सांग. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता "हो हो" करतोस. कागदावर माणूस जबाबदारीने बोलतो.

अक्का

१२ ऑक्टोबर

अक्का,

नमस्कार. तुला उत्तर लिहायचं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. तरी लिहितो.

ते सहाशे पट विसर. दुर्बिणीचं पहिलं काम वस्तू मोठी करून दाखवणं नाही, उजेड गोळा करणं आहे. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त साचेल? तसंच. त्या खोक्यातल्या दुर्बिणीचं भिंग साठ मिलिमीटरचं असणार, म्हणजे वाटी. तिच्यातून फार तर सव्वाशे पटीपर्यंत काही धड दिसेल. त्यापुढे शनी मोठा होईल, पण धुक्यातल्या दिव्यासारखा. शिवाय त्या दुर्बिणींचे स्टँड काटकुळे असतात. तू श्वास घेतलास तरी शनी नाचेल.

माझं ऐकशील तर इतक्यात काहीच घेऊ नकोस. दोन महिने नुसत्या डोळ्यांनी बघ. कोणता तारा कुठून वर येतो, ते ओळखीचं होऊ दे. मग दोन डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण घे. त्यानंतर मोठी, आरशाची, सहा इंची. ती लाकडी खोक्यात बसवलेली असते आणि तोफेसारखी वरखाली, आजूबाजूला फिरते. पडायची भीती नाही, हलायची भीती नाही. आणि सूर्याकडे दुर्बीण कधी, गमतीनेही, वळवायची नाही. डोळा कायमचा जातो. हे मी दुकानदार म्हणून सांगतोय.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या गावात मुलींच्या शाळेतल्या एक निवृत्त गणिताच्या बाई आहेत. त्यांची सहा इंची विकायला आहे. पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलाय. जाऊन बघून ये, आणि बरी वाटली तर घेऊनच टाक. फक्त माझं नाव काढू नकोस. उगाच ओळखीचं दडपण नको.

बंधू

२१ ऑक्टोबर

बंधू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिली दोन पानं सोन्यासारखी आहेत. शेवटच्या परिच्छेदाला मात्र वास येतोय.

आधी दुकानाचं सांगते. मी त्या माणसाला म्हटलं, "सहाशे पट दिसतं असं तुमच्या सहीने लिहून द्या, लगेच घेते." तो म्हणाला, "मॅडम, ते कंपनी म्हणते, आम्ही नाही." मग शेवटचा पीस शेजारी सरकवून त्याने मला कॅमेऱ्याचा पट्टा दाखवायला घेतला. तिथे तू खरा ठरलास.

आता तुझ्याकडे येते. वरच्या ओळीत म्हणतोस, दोन महिने काही घेऊ नकोस. खालच्या ओळीत म्हणतोस, घेऊनच टाक. एका पानावर दोन जबाब. आणि ती दुर्बीण विकायला आहे हे तुला कळलं कुठून? मी वर्तमानपत्रं पाहिली, त्यात जाहिरात नाही. शोधता शोधता ती सापडली वाचनालयाच्या फलकावर. हाताने लिहिलेली चिठ्ठी: 'विकणे आहे. सहा इंची दुर्बीण. पाहणाऱ्याने पाच ते सहा या वेळेत यावे. दलालांनी येऊ नये.' खाली तू दिलेलाच पत्ता आणि वाचनालयाचा शिक्का, पंचवीस सप्टेंबर. ग्रंथपाल म्हणाली, चिठ्ठी फक्त इथेच लावलीय, बाईंनी स्वतः येऊन. म्हणजे पंचवीस सप्टेंबर ते बारा ऑक्टोबर या दिवसांत तू या गावात येऊन गेलास आणि माझ्याकडे चहालासुद्धा डोकावला नाहीस. माझं घर तिथून चार मिनिटांवर आहे.

तरी मी बाईंकडे गेले. तिसरा मजला. दार साखळी लावून चार बोटं उघडलं.

"कोणी पाठवलं?"

"वाचनालयातली चिठ्ठी वाचली."

"ती वाचून आजवर कोणी आलं नाही. तुम्ही दलाल आहात?"

"विमा कंपनीत होते."

"म्हणजे त्याहून वाईट."

मला बाई आवडल्या. साखळी निघायला पाच मिनिटं लागली, त्यात मला कोनाच्या बेरजेबद्दल एक प्रश्नही विचारून झाला. दुर्बीण खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे, माझ्या खांद्याइतकी, करड्या रंगाची, खाली पॉलिश केलेलं लाकडी खोकं. गुडघ्यांमुळे बाईंना आता गच्चीचा जिना चढवत नाही. जानेवारी अखेर त्या याच गावात पुतण्याकडे राहायला जाणार. तिथे तळमजला, आणि खिडकीसमोर रस्त्याचा दिवा. आरसा त्यांनी स्वतः पाच महिने घासून तयार केलाय. त्यांनी तो सोडवून दाखवला. मागच्या बाजूला रंगाने तारीख लिहिलीय, सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची, आणि खाली दोन सह्या. त्यातली एक पात्याने खरवडून काढलेली.

मी विचारलं, "ही कोणाची?"

"चूक होती," असं म्हणून त्यांनी आरसा परत बसवला.

बंधू, तुझं दुकान या गावात होतं तेव्हा मी इथे राहत नव्हते, म्हणून सरळ विचारते. तुझं त्या बाईंशी काही होतं का? असेल तर सांगून टाक. मी तुझ्या बायकोला कळवणार नाही. पण मला प्यादं म्हणून पुढे सरकवलेलं चालणार नाही.

अक्का

२८ ऑक्टोबर

अक्का,

तसलं काही नव्हतं. ही कल्पना मी बायकोला वाचून दाखवली, ती जेवता जेवता हसत सुटली. आता तिला तुझं प्रत्येक पत्र ऐकायचंय, तेव्हा जरा जपून लिही.

गावात आलो होतो, हे खरं. काचा पुरवणारा व्यापारी तिथेच आहे. गाडी तासाभरात होती, म्हणून तुला त्रास दिला नाही. वाचनालयात नुसता बसलो होतो.

दुर्बिणीबद्दल: आरशावर मधे कुठे चरा आहे का बघ. कडेला असला तर काही बिघडत नाही. मुलामा काळवंडला असेल तर पुन्हा चढवून मिळतो. बघण्याआधी अर्धा तास ती गच्चीवर नुसती ठेव, आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हावा लागतो. मग एखादा ठळक तारा लावून प्रतिमा मुद्दाम अस्पष्ट कर. गोल कडी दिसतील. भिंग आत घेतलं काय आणि बाहेर घेतलं काय, दोन्हीकडे कडी सारखीच दिसली तर आरसा उत्तम. ती दिसतीलच. तो आरसा उत्तमच आहे.

घासाघीस करू नकोस. बाई म्हणतील ते दे. आणि कृपा करून उशीर लावू नकोस.

बंधू

१४ नोव्हेंबर

बंधू,

'तो आरसा उत्तमच आहे.' न बघता?

माझ्या नोकरीत एक नियम होता. माल न बघता ज्याला मालाची खात्री असते, त्याने तो माल आधी हाताळलेला असतो. आणि घासाघीस करू नका असं फक्त तोच सांगतो, जो दुसऱ्याच कसली तरी किंमत चुकती करू बघतोय.

गेल्या तीन आठवड्यांत मी बाईंकडे पाच वेळा गेले. दुर्बीण वर न्यायला समोरच्या घरातले सुतार आले, आणि बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढल्या. संध्याकाळी सात वाजता त्यांनी मला शनी दाखवला. मी डोळा लावला आणि आधी काहीच दिसेना. बाई म्हणाल्या, "पापण्या भिंगाला लावू नका, नळीला धरू नका, घाई करू नका." मग तो दिसला. छोटासा, पिवळसर, भोवती खरोखरचं कडं. मी नळीच्या टोकाशी जाऊन पाहिलं, बंधू. कोणी चित्र तर चिकटवलेलं नाही ना म्हणून. बाई म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळेच बघतात," आणि त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर त्या बोलल्या. मी विचारलंही नव्हतं.

सव्वीस वर्षांपूर्वी इथे आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ होतं. चौदा माणसं, त्यात बाई एकट्या. मंडळाने पैसे साठवून परदेशातून एक आयपीस आणवलं होतं, म्हणजे डोळा लावायचं ते छोटं भिंग. एका कार्यक्रमानंतर ते सापडेना. सामान बाईंनी आवरलं होतं. पुढच्या बैठकीत चिटणीस उभे राहिले आणि म्हणाले, "आपण कोणावर आरोप करत नाही. पण शेवटचं ते बाईंच्या हातात होतं, एवढं नोंदवून ठेवू." नोंदवलं. पंधरा दिवसांत ते शाळेपर्यंत गेलं. मुख्याध्यापिकेने बाईंकडून परीक्षेच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. कारण सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही. मंडळ मात्र त्या दिवसापासून सोडलं.

"चिटणीस कोण होते?" मी विचारलं.

"त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आरसा घासायला त्यांनीच शिकवलं. नंतर गाव सोडून गेले."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझं नाव काढू नकोस असं तू का म्हणालास, ते तेव्हा उमगलं.

आता माझंही एक ऐक. बाई चहा करायला आत गेल्या होत्या तेव्हा मी त्यांची आयपीसची पेटी उघडून पाहिली होती. चोरीचा माल ठेवून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, तीही निवृत्त, नीटनेटकी, चहा पाजणारी. पेटीत तीन आयपीस होती, तिन्ही इथलीच, साधी. मी पेटी बंद केली आणि मला माझीच शरम वाटली.

आता तुला एकच प्रश्न आहे. ते आयपीस कुठे आहे, तुला ठाऊक आहे का? हो किंवा नाही. लेखी.

अक्का

३ डिसेंबर

बंधू,

एकोणीस दिवस झाले. दुकानात फोन केला तर तुझा कारागीर म्हणतो, साहेब बाहेर गेलेत. मागून तुझा खोकला ऐकू येत होता.

गप्प बसणं हाही जबाबच असतो, आणि तो देणाऱ्याच्या बाजूने कधी जात नाही.

इकडे दुर्बिणीला दुसरं गिऱ्हाईक आलंय. कुठल्याशा हॉटेलचा सजावटवाला. त्याला नळी दाराशी उभी करून आत दिवा बसवायचाय. बाई त्याला नाही म्हणाल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तुम्ही येता, बघता आणि जाता. घेणार आहात की नाही?" मी काय सांगू? ज्याच्या सांगण्यावरून आले, त्याचं नाव खिशात दडवून मी त्यांच्याशी व्यवहार कसा करू?

अक्का

१० डिसेंबर

अक्का,

हो.

ते माझ्या कोटात होतं. त्या दिवशी थंडी होती. बाईंनी सामान आवरताना ते माझ्या हातात दिलं, मी बोलता बोलता खिशात टाकलं. खिशाला भोक होतं, ते अस्तरात घसरलं. देवाशपथ सांगतो, बैठकीत मी उभा राहिलो तेव्हा मला हे आठवत नव्हतं. मला खरोखर वाटत होतं की शेवटचं ते बाईंच्या हातात होतं.

चौदा महिन्यांनी बायकोने कोट शिंप्याकडे दिला. त्याने अस्तर उसवलं आणि ते माझ्यासमोर ठेवलं. "साहेब, हे काय बाटलीचं बूच आहे का?" मी तिथेच स्टुलावर बसलो.

त्याच आठवड्यात मंडळाची वार्षिक सभा होती. मी सांगायचं ठरवून गेलो, आयपीस रुमालात गुंडाळून. सभा सुरू होताच त्यांनी मला अध्यक्ष केलं. टाळ्या वाजल्या. मी उठलो, आभार मानले आणि खाली बसलो. घरी जाताना ते मंडळाच्या कपाटात नकाशांच्या मागे ठेवून दिलं.

ते तीन वर्षांनी कोणाला तरी सापडलं. एक जण म्हणाला, "बाईंनी गुपचूप परत आणून ठेवलं वाटतं." सगळे हसले.

अक्का, मीही हसलो. तू काहीही विचारशील, पण हे विचारणार नाहीस, म्हणून मी होऊन सांगतोय.

पुढच्या वर्षी दुकान इकडे हलवलं. भाडं कमी होतं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. सप्टेंबरात वाचनालयाच्या फलकावर बाईंचं अक्षर दिसलं. तुझ्या जिन्यापर्यंत आलो होतो, वर यायचा धीर झाला नाही. दोन आठवड्यांत तुझं पत्र आलं, तुलाही दुर्बीणच हवी म्हणून. वाटलं, ती चांगल्या हातात जाईल, बाईंना योग्य दाम मिळेल, आणि माझं काही तरी फिटेल. आता माझं म्हणणं एवढंच, तू मला काय हवं ते बोल. पण बाईंना सांगू नकोस. या वयात त्यांना पुन्हा तो त्रास कशाला?

बंधू

१६ डिसेंबर

बंधू,

'त्यांना त्रास कशाला.' दावे बुडवणारी सगळी माणसं असंच बोलतात. विधवेला त्रास नको म्हणून तिला पत्रच पाठवलं नाही, असं म्हणणारा एक अधिकारी मला माहीत आहे.

तू माझा भाऊ आहेस. लहानपणी तुझ्या वाटचा मार मी खाल्लाय, त्यामुळे हेही जरा माझ्या पाठीवर आलं. पण या वेळी मी मधे पडणार नाही.

काल मी बाईंकडे गेले आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, मी तुमची पेटी उघडून बघितली होती. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पेटीतल्या छोट्या डबीचं झाकण तुम्ही उलटं बसवलंत." दुसरी, मी त्या चिटणिसाची मावसबहीण आहे आणि त्यानेच मला इकडे पाठवलं. कोटाचं काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नाही.

त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलला. मग म्हणाल्या, "तुम्ही दोन महिने माझ्या घरी चहा प्यायलात." त्यांनी दार उघडून धरलं. मी बाहेर पडले. आतून साखळी लागल्याचा आवाज आला.

म्हणजे दुर्बीण गेली, आणि बाईही गेल्या. तुझ्या पायी मी दोन्ही घालवून बसले. मला एकटीला गच्चीवर जावंसं वाटत नाही.

आता तू काय करायचं ते सांगते. बाईंना एकांतात माफीचं पत्र लिहून मोकळा होशील, तर ते तुझ्या सोयीचं होईल. तू त्यांचं नाव चौघांत घालवलंस, तर तोंडही चौघांतच उघड. चुकीची नोंद जिथे जिथे गेली, तिथे तिथे दुरुस्ती जायला हवी. तू आणि बाई सोडून बारा जण राहतात. प्रत्येकाला लिही. कोट, शिंपी, कपाट, आणि हसलास तेही. त्या मुख्याध्यापिकेला, हयात असतील तर, वेगळं लिही. सगळ्यात शेवटी बाईंना. मला प्रत नको. या खेपेला मी तपासणार नाही.

अक्का

११ जानेवारी

अक्का,

लिहिलं. बारा पत्रं, एकही दुसऱ्याची नक्कल नाही. पहिल्याला चार दिवस लागले. बायकोला आधी वाचून दाखवलं. या वेळी ती हसली नाही. मग म्हणाली, "पत्ते मी लिहिते, तू पत्रं लिही."

बारांपैकी तिघे आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना लिहिलं. मुख्याध्यापिका मुलाकडे असतात, अंथरुणावर. मुलाने त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या म्हणे, "किल्ली मी परत द्यायला हवी होती."

उरलेल्या नऊ जणांची उत्तरं आली. एकाने मला अशा शब्दांत धुतलंय की ते पत्र मी घडी करून पाकिटात ठेवलंय, मधून मधून वाचायला. एकाला आठवतंय, पण तो म्हणतो, जाऊ दे. आणि सात जणांना काही आठवतच नाही. कसलं आयपीस, कुठली बैठक. एक तर विचारतो, मंडळात कोणी बाई होत्या का?

अक्का, मी इतकी वर्षं ज्या लोकांच्या तोंडाला घाबरत होतो, त्यांच्या तोंडी ती गोष्टच नव्हती.

उत्तरं जोडून बाईंना पत्र टाकलं, त्याला आठ दिवस झाले. काही आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नाही.

बंधू

२६ जानेवारी

बंधू,

बाई माझ्याकडे आल्या होत्या. गुरुवारी सकाळी दहाला घंटी वाजली. साखळी मीही लावते, त्यामुळे या खेपेला चार बोटांच्या फटीतून मी बघत होते.

तू पाठवलेली सगळी उत्तरं त्यांच्या पिशवीत होती. टेबलावर ओळीने मांडली, उत्तरपत्रिका मांडतात तशी. सात पत्रं वेगळी काढली.

"यांना खरंच आठवत नाही? की तुमच्या भावाने असं लिहायला लावलं?"

मी म्हटलं, "सात माणसांना सात तऱ्हेने विसरायला लावणं त्याला जमणार नाही. तेवढी हुशारी त्याच्यात नाही."

त्यांनी सातही पत्रं पुन्हा वाचली. अक्षरं ताडून पाहिली, पाकिटांवरचे शिक्के पाहिले. मीही तेच केलं असतं. मग चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मंडळाचा हॉल माझ्या शाळेच्या वाटेवर होता. त्या बैठकीनंतर मी त्या रस्त्याने कधी गेले नाही. गिरणीला वळसा घालून जायचे, अर्धा तास चालून. वाटायचं, हॉलच्या पायरीवर ते उभे असतील, मी दिसले की बोलतील. निवृत्त झाल्यावरही तीच सवय राहिली." चष्मा पुसत म्हणाल्या, "मग मी कोणाला टाळत होते?"

मी पाणी आणलं.

त्यांनी तुला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी विचारलं. म्हणाल्या, "त्यांनी लिहिलं ते बरं केलं. त्यापुढचं मी बघेन." तेव्हा इकडे येऊ नकोस, पत्रही टाकू नकोस. तुझ्या वाटणीला सध्या एवढंच आहे, आणि मला ते कमी वाटत नाही.

सजावटवाल्याला बाईंनी नाही कळवलं आणि दुर्बीण माझ्याकडे आली. आमची लिफ्ट गच्चीपर्यंत जाते, ते बाईंनी आधी स्वतः येऊन पाहिलं, दोनदा वरखाली करून. किमतीवर आमची चांगली तासभर हुज्जत झाली. त्या कमी सांगत होत्या, मी जास्त. शेवटी त्यांचं ऐकलं. शनिवारी सुतारांनी ती आणून ठेवली आणि आम्ही दोघींनी मृगातला तो धुरकट पुंजका पाहिला. बाई बराच वेळ डोळा लावून होत्या. माझी पाळी कधी, असं मी विचारलं नाही.

काल दुपारी त्यांचा फोन आला. मला कुठे जायचंय का, असं विचारत होत्या. मी म्हटलं नाही. म्हणाल्या, मग माझ्याबरोबर चला. त्यांच्या घरापासून आम्ही सरळ रस्त्याने निघालो. बाईंच्या एका हातात काठी, दुसरा माझ्या दंडावर, घट्ट. हॉलच्या जागी आता गाद्यांचं दुकान आहे. पायरीवर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पान उलटलं.

शाळेच्या फाटकापर्यंत त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांनीसुद्धा अकराच मिनिटं लागली. बाईंनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "रिक्षा करू या का परत जायला?"

"नको," त्या म्हणाल्या. "याच रस्त्याने जाऊ."

अक्का